एका डासामागे एक आणा

मलेरियाच्या डासाचा माग काढणारे सर रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. वडील ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात अधिकारी होते. आठव्या वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या रॉस यांचा ओढा काव्य, संगीत आणि गणिताकडे होता. मात्र, वडिलांच्या आग्रहाखातर ते वैद्यकाकडे वळले आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

१८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांची भेट झाली. मलेरियाचे परजीवी लॅव्हरान यांनी १८८० मध्येच रुग्णांच्या रक्तात शोधले होते. पण ते एका माणसातून दुसऱ्यात कसे जातात, हे कोडे कायम होते. यामागे डास असावा, हा मॅन्सन यांचा तर्क रॉस यांना पटला. १८९५ मध्ये मुंबई बंदरात उतरताच, सामान जकात कचेरीतून सुटण्याचीही वाट न पाहता, त्यांनी मलेरियाच्या रुग्णांच्या शोधात इस्पितळ गाठले.

खरे काम सुरू झाले ते सिकंदराबादेत. डासांच्या अळ्या गोळा करून आणायच्या, बाटल्यांत वाढवायच्या आणि त्यातून निघालेले निरोगी डास मच्छरदाणीतील रुग्णावर सोडायचे, अशी त्यांची पद्धत होती. रक्त प्यायलेला प्रत्येक डास पुढे सूक्ष्मदर्शकाखाली चिरून तपासला जाई. पण सुईच्या टोचणीलाही लोक भीत, तिथे डास चावून घ्यायला कोण तयार होणार? हुसेन खान हा मलेरियाचा रुग्ण तयार झाला. रक्त प्यायलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळे.

दोन वर्षे हाती काहीच लागले नाही, कारण तपासले जाणारे डासच चुकीच्या जातीचे होते. ऑगस्ट १८९७ मध्ये मदतनिसांनी आणलेल्या अळ्यांतून ठिपकेदार पंखांचे, तपकिरी डास निघाले. ते हुसेन खानवर सोडण्यात आले. उकाडा असह्य होता. पण वाऱ्याने डास उडून जातील म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्ट रोजी अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना मलेरियाच्या रंगकणांनी भरलेल्या पेशी दिसल्या. हा डास अॅनाफिलिस होता. पुढे हाच दिवस जागतिक डास दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

शोध पूर्णत्वास नेण्याआधीच सरकारने त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे केली. तिथे मलेरियाचे रुग्णच नव्हते. १८९८ मध्ये ते कलकत्त्यास आले. प्लेगच्या लशीच्या धास्तीने तेथील लोक रक्त देण्यास धजेनात, तेव्हा रॉस यांनी पक्ष्यांच्या मलेरियाचा अभ्यास हाती घेतला. या कामात त्यांना महंमद बक्ष आणि किशोरीमोहन बंदोपाध्याय यांची मोलाची साथ लाभली. त्याच वर्षी जुलैमध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतात आणि दंशावाटे निरोगी पक्ष्याला रोग देतात, हे सिद्ध झाले. माणसाच्या मलेरियाबाबत हीच साखळी इटलीत ग्रासी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिली. त्यातून श्रेयाचा कडवट वाद उभा राहिला आणि तो रॉस यांना आयुष्यभर पुरला.

१९०२ मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले ब्रिटिश होते. किशोरीमोहन यांचा १९०३ मध्ये सुवर्णपदकाने गौरव झाला. हुसेन खानच्या वाट्याला मोजून घेतलेले आणेच आले. त्याचे नाव टिकले ते रॉस यांनी नोंदवून ठेवले म्हणून. आज अशा प्रयोगासाठी रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि नैतिक समितीची परवानगी लागली असती.

पुढील काळात रॉस यांनी आपले आवडते गणित कामाला लावले. मलेरिया हटवण्यासाठी सगळे डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी साथ ओसरते, हे त्यांनी समीकरणांतून मांडले. साथरोगांच्या आजच्या गणिताची ही पायाभरणी होती. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये, त्यांच्याच नावाने उभारलेल्या संस्थेत रॉस यांचे निधन झाले. डबकी बुजवा, साठलेले पाणी ओता, हा त्यांचा आग्रह मात्र प्रत्येक पावसाळ्यात आपल्या शहरांना नव्याने लागू पडतो.