पंचवीस सेंटचे तिकीट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा ग्रुपवर निरोप आला. शाळेच्या आठवणी तुम्ही सगळे लिहिणारच, म्हणून मी दुसऱ्याच एका स्नेहसंमेलनाबद्दल लिहिते. २५ जुलै १९३४ रोजी शिकागोच्या जागतिक मेळ्यात ४१ माजी विद्यार्थी आपापल्या आयांच्या कडेवर बसून जमले. आदल्या उन्हाळ्यात याच मेळ्यात काचेच्या पेट्यांत ५८ अपुऱ्या दिवसांची बाळे सांभाळली होती, त्यांतली ही ४१. सोहळा रेडिओवरून थेट ऐकवला गेला. यजमान होते मार्टिन कूनी.

माझी धाकटी एकतिसाव्या आठवड्यात झाली. तिच्या पेटीबाहेर बसून रात्री फोनवर वाचता वाचता मला हे गृहस्थ भेटले.

त्यांचा जन्म १८६९ मध्ये तेव्हाच्या प्रशियातल्या क्रोटोशिन गावी, ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव मायकेल कोन. इन्क्युबेटरचा शोध त्यांचा नव्हे. कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहून पॅरिसच्या तार्निए यांना ती कल्पना सुचली होती. कूनींनी ती पेटी लोकांसमोर नेली: १८९७ मध्ये लंडन, मग अमेरिकेत ओमाहा, बफेलो आणि १९०३ पासून न्यूयॉर्कचे कोनी आयलंड. पाळणे, जादूचे खेळ, खाऊच्या गाड्या, आणि त्यांच्यातच जिवंत बाळांचे प्रदर्शन! तिकीट २५ सेंट.

ऐकायला हे भयंकर वाटते, मलाही वाटले. पण तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांसाठी काही सोयच नव्हती. ती जगणार नाहीत असे धरून चालत. कूनी आईबापांकडून एक पैसाही घेत नसत. पेट्या, परिचारिका, दूध पाजणाऱ्या दाया, सगळा खर्च तिकिटांतून निघे. पेटीत गरम पाण्याच्या नळ्या, तापमान ठरावीक राखणारा थर्मोस्टॅट आणि बाहेरून गाळून आत घेतलेली हवा. आम्ही ज्याला फीडबॅक लूप म्हणतो तो इथे एका किलोच्या जिवासाठी राबत होता. प्रमुख परिचारिका लुईझ रेख्ट प्रेक्षकांसमोर आपली अंगठी बाळाच्या मनगटात सहज सरकवून दाखवीत. बाळे आणखी लहान दिसावीत म्हणून त्यांना मुद्दाम मोठे कपडे घालत. तमाशा होताच तो, पण आत स्वच्छतेचे नियम कडक होते.

१९०७ मध्ये कूनींची स्वतःची मुलगी हिल्डेगार्ड अपुऱ्या दिवसांची जन्मली. तिलाही त्याच पेटीत वाढवले. पुढे ती परिचारिका होऊन वडिलांच्याच हाताखाली राहिली. १९११ मध्ये ड्रीमलँड आगीत जळाले, पण बाळे सगळी सुखरूप बाहेर काढली.

आता अडचणीची गोष्ट. आपण पॅरिसच्या ब्यूदँ यांचे शिष्य, लाइपझिगचे डॉक्टर, असे ते सांगत. नंतरच्या अभ्यासकांनी शोधले, पदवी सापडली नाही. एकोणिसाव्या वर्षीच ते अमेरिकेत आले होते. मग तिकडे वैद्यक शिकले केव्हा? मी इंजिनिअर, उमेदवारांचे बायोडेटा तपासणारी. असा बायोडेटा आला असता तर मी पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला असता, आणि आजही ठेवीन. तरीही शिकागोचे बालरोगतज्ज्ञ ज्युलियस हेस त्यांच्याबरोबर काम करत, आणि १९२२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी कूनींचे आभार मानले. कूनींच्या हिशेबाने सुमारे ८,००० बाळे त्यांच्याकडे आली आणि ६,५०० जगली. हा हिशेब त्यांचाच, हे लक्षात ठेवायला हवे. पण म्हातारपणी आपल्या पेटीची गोष्ट सांगणारी ती माणसे खरी होती.

१९३९ च्या न्यूयॉर्क मेळ्यात त्यांना तोटा झाला. १९४३ मध्ये कॉर्नेलच्या रुग्णालयाने न्यूयॉर्कमध्ये अशा बाळांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, आणि त्याच वर्षी कूनींनी कोनी आयलंडवरचे दार कायमचे लावून घेतले. १ मार्च १९५० रोजी ते गेले. धाकटी आता नववीत आहे. हा लेख तिनेच टाइप करून दिला.