आठवणीतली नूतन

आपण दहावीला होतो त्या वर्षी, 1978 साली, ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ आला. शिरूरला तो पोहोचेपर्यंत आपली परीक्षाही होऊन गेली होती. दौंडच्या मैत्रिणींनी आधीच पाहून सगळी गोष्ट सांगून टाकली होती, तरी आपण गेलो आणि रडून आलो. त्या चित्रपटातल्या नूतनविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहावेसे वाटले.

नूतनचा जन्म 4 जून 1936 रोजी मुंबईत, समर्थांच्या मराठी घरात झाला. वडील कुमारसेन समर्थ कवी आणि दिग्दर्शक. आई शोभना समर्थ म्हणजे ‘रामराज्य’मधली सीता. आपल्या आयांच्या पिढीने तर त्यांच्या तसबिरीला हात जोडले. अशा देखण्या आईच्या पोटी आलेली ही मुलगी मात्र लहानपणी काडीसारखी बारीक होती. लोक तिला कुरूप म्हणत आणि ते तिच्या मनाला फार लागत असे. पुढे आईवडीलही वेगळे झाले.

शोभनाबाईंनी 1950 साली ‘हमारी बेटी’ काढून चौदा वर्षांच्या लेकीला पडद्यावर आणले. पुढच्या वर्षी ‘नगीना’ आला. तो फक्त प्रौढांसाठी असल्याने चित्रपटगृहाच्या दारावर खुद्द नायिकेलाच वय कमी म्हणून अडवले गेले! 1952 साली मसुरीच्या सौंदर्यस्पर्धेत तिने किताब मिळवला. त्याच वर्षी इंद्राणी रहमान मिस इंडिया म्हणून अमेरिकेत पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेला गेल्या होत्या. चांगल्या घरच्या मुलीने अशा स्पर्धेत उतरणे हेच तेव्हा धाडस होते. त्यानंतर आईने तिला शिकायला स्वित्झर्लंडला पाठवले.

परत आल्यावर ‘सीमा’ (1955) मधल्या सुधारगृहातल्या बंडखोर मुलीने तिला पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. ‘दिल्ली का ठग’मध्ये ती पोहण्याच्या पोशाखात दिसली आणि पुढच्याच वर्षी ‘सुजाता’त अस्पृश्य म्हणून जन्मलेली, साध्या साडीतली अबोल मुलगी झाली. सुंदर म्हणून किताब मिळवलेल्या बाईने चेहऱ्यावरचा रंग उतरवून ठेवला, आणि लोकांना ती तशीच जास्त आवडली.

11 ऑक्टोबर 1959 रोजी नौदलातले अधिकारी रजनीश बहल यांच्याशी तिचे लग्न झाले. चित्रपट सोडायचा तिचा विचार होता, पण बिमल रॉय यांच्या आग्रहाने ती ‘बंदिनी’ (1963) साठी उभी राहिली. त्यातला विष घालण्याचा प्रसंग आठवा. बाहेर घणाचे घाव, चेहऱ्यावर उजेडाची उघडझाप, तोंडातून शब्द नाही. एका बाईच्या मनात खून कसा शिजतो, ते फक्त डोळ्यांत दिसते. पुढे ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी’ धरून उत्कृष्ट अभिनेत्रीचे पाच पुरस्कार झाले. शेवटचा मिळाला तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. तिच्याशी बरोबरी पुढे केली ती तिच्याच भाचीने, तनुजाच्या काजोलने. 1974 साली तिला पद्मश्री मिळाली.

घरात मात्र सगळे गोड नव्हते. पैशांच्या व्यवहारावरून मायलेकींत वितुष्ट आले, प्रकरण कोर्टात गेले आणि कितीतरी वर्षे अबोला राहिला. शेवटी दोघी पुन्हा एक झाल्या, हे बरे झाले. कारण वेळ थोडा उरला होता. स्तनाच्या कर्करोगाने 21 फेब्रुवारी 1991 रोजी नूतन गेली. वय अवघे 54. शोभनाबाईंना लेकीचे जाणे पाहावे लागले.

मैत्रिणींनो, आपण सगळ्यांनी ते वय केव्हाच ओलांडले. आपल्या वर्गातही कुणाला काळी, कुणाला काडी म्हणून हाक मारली जायची, आणि ती हाक मारणाऱ्यांत मीही होते. तेव्हा ती हसण्यावारी गेली, पण ऐकणारीच्या मनात ती किती वर्षे राहिली असेल, हे आज कळते. मेळाव्यात भेटू तेव्हा मला त्या दोघीतिघींची माफी मागायची आहे. आणि एक विनंती: घरातल्या सगळ्यांची औषधे वेळेवर देणाऱ्या तुम्ही, स्वतःची स्तनांची तपासणी पुढे ढकलू नका. गाठ लागली तर लाजून गप्प बसू नका. पुढच्या मेळाव्याला सगळ्याजणी हव्या आहेत.