राणीबागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, त्या भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर कोकणातलं बी वापरलं होतं

भायखळ्याच्या राणीबागेत गेलेल्या प्रत्येकाने डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमची पाटी वाचलेली असते. पण हे भाऊ दाजी नक्की कोण होते?

मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या मांद्रे गावचा, 1820 च्या दशकातला. घरची परिस्थिती साधारण, पण पोरगं बुद्धिबळात तरबेज. त्याची हुशारी पाहून त्याला इंग्रजी शिकवा, असा सल्ला वडिलांना मिळाला आणि कुटुंब मुंबईत आलं. एल्फिन्स्टनमध्ये शिकताना भाऊंनी बालहत्येच्या प्रथेवर निबंध लिहिला आणि 600 रुपयांचं बक्षीस मिळवलं. पुढे 1851 मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले.

प्रॅक्टिस जोरात चालली, गरिबांना ते फुकट तपासायचे. पण त्यांनी हात घातला तो ज्याला कुणी शिवतही नव्हतं अशा आजाराला, म्हणजे कुष्ठरोगाला. त्या काळी लोक याला मागच्या जन्मीचं पाप म्हणायचे. रोग्याला घराबाहेर काढलं जायचं.

हा आजार समजून घ्यायचा तर आधी आपली कातडी समजून घ्यावी लागते. त्वचेचा वरचा थर बाहेरच्या जंतूंना आणि पाण्याला अडवतो. त्याच्या खालच्या थरात रक्तवाहिन्या, नसांची टोकं, केसांची मुळं, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी असतात. मुंबईसमोरच्या थळच्या किनाऱ्यावर भर उन्हात मासळी उतरवणाऱ्या कोळ्याचं अंग घामामुळेच थंड राहतं. हाताला माशाचा काटा टोचला की तो हात झटकन मागे घेतो, ते नसांमुळे.

कुष्ठरोग नेमका इथेच घाव घालतो. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तिथला घाम आटतो, केस गळतात, काही रोग्यांच्या भुवयाही जातात. सगळ्यात वाईट म्हणजे स्पर्श कळेनासा होतो. बोटं आपोआप झडत नाहीत. चटका बसला, जखम झाली तरी दुखत नाही, म्हणून ती चिघळत जाते आणि शेवटी बोटं जातात.

भाऊ दाजींनी यावर कडू कवठीच्या बियांचं तेल वापरलं. कोकण आणि सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढणारं हे झाड. आयुर्वेदात तुवरक या नावाने त्याचा उल्लेख जुनाच होता. 1860 च्या दशकात भाऊंनी ते रोग्यांना देऊन पाहिलं आणि गुण येतो असं त्यांना दिसलं. त्यांच्या उपचाराचा गाजावाजा झाला.

पण इथेच एक गोष्ट खटकते. हे औषध नेमकं काय आहे, ते त्यांनी उघड केलं नाही. त्यावरून टीका झाली आणि ती रास्तच होती, कारण कृतीच माहीत नसेल तर दुसरा डॉक्टर ती पडताळणार कशी आणि इतर रोग्यांपर्यंत ती पोचणार कशी?

1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनने या रोगाचा जंतू शोधला. हा रोग पापाचा नाही, जंतूचा आहे, हे त्यातून पुढे सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी, 1874 मध्ये, भाऊ दाजी गेले. तोवर ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले होते, जुने शिलालेख वाचणारे संशोधक म्हणून नावाजले होते आणि ज्या म्युझियमसाठी ते झटले ते 1872 मध्ये उघडलंही होतं. 1975 मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं.

याच जातीच्या झाडांचं तेल नंतर जगभर वापरलं गेलं, अगदी इंजेक्शनमधूनसुद्धा. ते पोटात घेतलं की मळमळ व्हायची आणि गुणही मर्यादित होता. 1940 च्या दशकात डॅप्सोन आलं आणि तेल मागे पडलं. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटना एकापेक्षा जास्त औषधांचा एकत्रित उपचार सुचवते. त्याने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि भारतात तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.

त्यामुळे अंगावर न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर लपवू नका, लगेच दवाखाना गाठा. भाऊ दाजींच्या रोग्यांकडे नसलेलं खात्रीचं औषध आज आपल्याकडे आहे.