केरो लक्ष्मण छत्रे

विनायक लक्ष्मण छत्रे ऊर्फ केरो लक्ष्मण छत्रे, प्रचलित नाव केरूनाना (जन्म : नागाव, अलिबागजवळ, १६ मे १८२५, मृत्यू : १९ मार्च १८८४) हे मराठी गणितज्ञ, खगोलशास्त्रज्ञ आणि पंचांगसुधारक होते. गणिताने काढलेले स्थान प्रत्यक्ष वेधाने तपासून दुरुस्त करणे, हे नौकानयनाचे मूलतत्त्व त्यांनी पंचांगाला लावले.

शिक्षण व कुलाबा वेधशाळा

मराठी गद्याच्या आरंभकाळातील ग्रंथकार सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे केरूनानांच्याच घराण्यातील. केरूनानांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. तेथील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते तरुणपणीच कुलाबा वेधशाळेत नोकरीस लागले.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली, ती मुख्यतः बंदरातील जहाजांसाठी. भर समुद्रात अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढता येतो. रेखांशासाठी मात्र अचूक घड्याळ लागते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणून घड्याळाची ४ सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर जवळपास १.८५ किलोमीटरची चूक होय. घड्याळ रोज थोडे मागे-पुढे जाते आणि ही चूक साचत राहते. त्यामुळे बंदरात आल्यावर जहाजावरील घड्याळे वेधशाळेच्या, म्हणजेच ताऱ्यांच्या वेळेशी ताडून पाहावी लागत. होकायंत्राचेही तसेच आहे. चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून ढळलेली असते आणि तो ढळ कालांतराने बदलतो. कुलाब्यास १८४१ पासून चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे सुरू झाली. पुढील आयुष्यात केरूनानांनी वेधाला जे महत्त्व दिले, त्याचे मूळ येथील कामात शोधणे वावगे ठरू नये.

अध्यापन

१८५१ साली ते पुण्यास आले. काही काळ ते अहमदनगर येथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यानंतर पुण्यातील डेक्कन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी होत. मराठीतून विज्ञान शिकविण्यासाठी त्यांनी अंकगणित व पदार्थविज्ञान या विषयांवर पाठ्यपुस्तके लिहिली. सूर्यावरील डागांचा पृथ्वीच्या हवामानावर होणारा परिणाम हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. सरकारने त्यांना 'रावबहादूर' हा किताब दिला.

पंचांगशोधन

महाराष्ट्रातील पंचांगे त्या काळी बहुधा गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' (१५२०) या ग्रंथावरून केली जात. ग्रंथ सुटसुटीत आणि आपल्या काळी उत्तम होता. पण तीन शतकांत त्याच्या गणितातील सूक्ष्म चुका साचल्या. ग्रहणाची व ग्रहयुतींची पंचांगातील वेळ आकाशाशी जुळेनाशी झाली. यावर उपाय म्हणून केरूनानांनी युरोपीय गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' (१८६०) हा ग्रंथ लिहिला. त्यावरून केलेले नवे पंचांग शके १७८७ (इ.स. १८६५) पासून प्रसिद्ध होऊ लागले. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यामुळे त्याला पुढे पटवर्धनी पंचांग असे नाव पडले.

वाद उद्भवला तो मुख्यतः राशिचक्राच्या आरंभस्थानावरून. केरूनानांनी मीन राशीतील झीटा तारा हा रेवतीचा योगतारा मानून तेथून गणना केली. यामुळे प्रचलित पंचांगाशी सुमारे ४ अंशांचा फरक पडला. परिणामी संक्रांत सुमारे चार दिवसांनी वेगळी येऊ लागली आणि काही वर्षी अधिक मासही निराळा पडू लागला. ग्रहणाची वेळ बरोबर आली तर कोणाचीच हरकत नव्हती. सण बदलणे मात्र लोकांना मानवले नाही. त्यामुळे केरूनानांच्या हयातीत हे पंचांग फार थोड्या घरांत पोहोचले. वेधाने आरंभबिंदू निश्चित होत नाही, तो परंपरेने किंवा संकेताने ठरवावा लागतो, ही अडचणही खरीच होती. टिळकांनी पुढे गुरूंचाच पक्ष उचलून धरला आणि पंचांगशोधनासाठी भरलेल्या परिषदांत तो मांडला. त्यातून आलेल्या टिळक पंचांगातही झीटा ताराच आरंभस्थानी आहे.

साचणाऱ्या चुकीचा प्रश्न आजही तोच आहे. विमान किंवा क्षेपणास्त्रातील जडत्वीय मार्गदर्शन यंत्रणा त्वरण मोजून त्यावरून वेग आणि मग स्थान काढते. मापनातील बारीक चूक त्यात वेळेनुसार वाढत जाते. तिची दुरुस्ती तारे किंवा उपग्रह यांच्या बाह्य वेधाने करतात.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असल्याने त्यांच्या प्रवाहाचा उपद्रव टाळण्यासाठी कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ साली अलिबागला, म्हणजे केरूनानांच्या जन्मगावाजवळच, हलविण्यात आली.