फाउंटन पेनने लिहिणारा संगणकशास्त्रज्ञ

अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९५७ साली विवाहाची नोंद करताना एड्सगर डायक्स्ट्रा यांनी आपला व्यवसाय प्रोग्रामर असा सांगितला. असा व्यवसायच नसतो, असे म्हणत अधिकाऱ्यांनी ती नोंद नाकारली. अखेर कागदोपत्री ते सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक ठरले! हा नाकारलेला व्यवसाय विद्येच्या पंक्तीत बसवण्यासाठीच त्यांनी पुढची हयात वेचली.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे जाणकार, आई गणिती. लायडनला पदार्थविज्ञान शिकत असतानाच १९५२ पासून ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करू लागले. प्रोग्रामिंगला शास्त्राची बैठक नाही, ही खंत त्यांनी वरिष्ठ सहकारी व्हान वाइनगार्डन यांच्यापाशी बोलून दाखवली. तेव्हा ती घालून देणाऱ्यांत तुम्हीच का नसावे, असे त्यांनी सुचवले.

१९५६ साली आर्मॅक या नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक सामान्य लोकांपुढे करायचे होते. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा प्रश्न त्यासाठी त्यांनी निवडला. वाग्दत्त वधूसह कॉफी घेत असताना, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत उत्तर सापडले. १९५९ मध्ये ते अवघ्या तीन पानांत प्रसिद्ध झाले. इंटरनेटवरील माहितीच्या मार्गनिश्चितीत आजही ही रीत वापरली जाते.

१९६२ मध्ये ते आइंटहोव्हन येथे गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी संगणकाची कार्यप्रणाली थराथरांनी रचली. एकच साधन दोन कामांनी एकदम बळकावू नये, यासाठी रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून नाव घेतलेली सेमाफोरची युक्ती त्यांनी योजली. विभागाला मात्र या कामाचे फारसे अप्रूप नव्हते. गट विखुरला, डायक्स्ट्रा नैराश्याने ग्रासले गेले. त्यातून सावरताना लिहिलेली टिपणे म्हणजेच सुसंरचित प्रोग्रामिंगवरील त्यांचे गाजलेले लेखन. प्रोग्राम चालवून पाहिल्याने चुका सापडतात, चूक नसल्याची खात्री मिळत नाही. म्हणून तो रचतानाच त्याची सिद्धता मांडावी, हा त्यांचा आग्रह होता. 'गो टू' या आज्ञेविरुद्धचे त्यांचे १९६८ मधील पत्र वादळी ठरले. त्याचे प्रक्षोभक शीर्षक मात्र संपादक निक्लाउस विर्थ यांचे! १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढे बरोज कंपनीत संशोधन करून १९८४ मध्ये ते ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात गेले व १९९९ मध्ये निवृत्त झाले. उद्योगजगताला त्यांचा काटेकोरपणा पुस्तकी वाटे, आणि त्यांची जीभही तिखट होती. संगणकाच्या या प्राध्यापकाने संगणकाचा वापर मात्र फार थोडा केला. फाउंटन पेनने लिहिलेली, क्रमांक घातलेली तेराशेहून अधिक टिपणे ते छायाप्रती काढून स्नेह्यांना धाडत. मिळालेल्या प्रती पुढे आणखी हातांत जात. हा क्रम एप्रिल २००२ मध्ये थांबला. त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे, आपल्या जुन्या गावी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.