आल्फ्रेड बिने : मागे पडणाऱ्या मुलांसाठी बनवलेली मोजपट्टी

बुद्ध्यांक हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. शाळेत मूल मागे पडलं की तो तपासून घ्या, असं शिक्षकही सुचवतात. ज्या चाचणीतून पुढे हा आकडा निघाला, ती बनवणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनी मात्र एकाही मुलाला बुद्ध्यांक दिला नाही. त्यांचा उद्देशच वेगळा होता.

बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस इथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आई-वडील विभक्त झाल्यावर आईनंच त्यांना वाढवलं. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, मग वैद्यकीय शिक्षण सुरू केलं आणि अर्धवट सोडलं. मानसशास्त्र ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून, स्वतःच वाचून शिकले.

१८८३ पासून ते साल्पेत्रिएर रुग्णालयात प्रख्यात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्याकडे काम करू लागले. संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की लक्षण शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं छापून टाकलं. बेल्जियमच्या देलबफ यांनी दाखवून दिलं, की चुंबकात काही नव्हतं. डॉक्टरांना काय हवं आहे, ते रुग्णांना कळत होतं आणि ते तसंच करत होते. बिने यांना हे जाहीरपणे मान्य करावं लागलं. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या फजितीत आहे. तपासणाऱ्याची अपेक्षा निष्कर्षात शिरते, हा धडा ते कधी विसरले नाहीत. पुढे त्यांनी शाळकरी मुलांची डोकी मोजली. शिक्षकांनी हुशार ठरवलेल्या आणि कच्च्या ठरवलेल्या मुलांच्या मापांत फरक निघाला तो अगदी किरकोळ. त्यातही आपल्याला हवं तेच माप आपण नकळत घेत आहोत का, अशी शंका त्यांनी स्वतःवरच घेतली आणि डोकी मोजणं सोडून दिलं.

घरी त्यांच्या दोन लहान मुली होत्या, मादलेन आणि आलीस. त्यांना छोटी कोडी घालून त्या कशा विचार करतात, हे ते वर्षानुवर्षं टिपत राहिले. एकाच घरात, एकाच संस्कारात वाढलेल्या या दोन बहिणींची विचार करण्याची रीत अगदी वेगळी होती.

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्यानं सहा ते तेरा वर्षांच्या मुलांचं शिक्षण सक्तीचं झालं. तोवर जी मुलं शाळेपर्यंत पोचतच नव्हती, तीही वर्गात आली. त्यातल्या काहींना शिकवलेलं समजेना. त्यांचं काय करायचं? काही डॉक्टरांचा कल त्यांना मनोरुग्णालयाला जोडलेल्या शाळांत पाठवण्याकडे होता. १९०४ मध्ये सरकारनं आयोग नेमला आणि बिने त्याचे सदस्य झाले. तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून काढायचं नाही, असं आयोगानं ठरवलं. पण तपासायचं कसं? एकाच मुलाला एका संस्थेचा डॉक्टर एक शिक्का मारायचा, दुसऱ्या संस्थेचा दुसरा. प्रमाणपत्रांवर सही करणाऱ्या आमच्या व्यवसायाला हे वाचून आजही थोडं ओशाळायला होतं.

तरुण डॉक्टर तेओदोर सिमाँ यांच्यासह बिने यांनी १९०५ मध्ये ३० कामांची चाचणी प्रसिद्ध केली. पेटत्या काडीकडे नजर वळते का, इथपासून ती सुरू व्हायची आणि दोन अमूर्त शब्दांतला फरक सांगण्यापर्यंत जायची. १९०८ मध्ये ही कामं वयाप्रमाणे लावली. पाच वर्षांच्या मुलाला चौकोन बघून काढता यावा, चार नाणी मोजता यावीत, अशा पद्धतीनं. मूल घाबरणार नाही, अशा शांत खोलीत, आपुलकीनं बोलून चाचणी घ्यावी, असा त्यांचा आग्रह असे. निष्कर्ष निघायचा तो त्या दिवसाच्या पातळीचा. ती का खाली आहे आणि पुढे किती वाढेल, याबद्दल चाचणी काही सांगत नव्हती.

पॅरिसच्या एका सरकारी शाळेत, मुख्याध्यापक व्हाने यांच्या मदतीनं, त्यांनी प्रयोगशाळा उघडली. मुलाची बुद्धी काढण्याआधी त्याला फळा दिसतो का ते बघा, ही तिथली एक साधी गोष्ट. अक्षरांचा तक्ता लावून शिक्षकांनीच नजर तपासावी, असं ते सांगत. शाळांना जोडून सुरू झालेल्या खास वर्गांत ते मुलांना आधी धडे न देता लक्ष देण्याची सवय लावायचे. इशारा होताच पुतळ्यासारखं थांबायचं, हा तिथला एक खेळ. आपल्या पोरांच्या स्टॅच्यूसारखाच. काही वस्तू क्षणभर दाखवून झाकायच्या आणि आठवून लिहायला सांगायचं, हा दुसरा. वाकड्या हाडाला आधार देऊन सरळ करतात तसं हे मनाचं अस्थिव्यंगोपचार, असं त्यांनी त्याला नाव दिलं. बुद्धी जन्मतः ठरते आणि ती वाढत नाही, या मताला त्यांनी १९०९ च्या पुस्तकात कडाडून विरोध केला. वेगळा वर्ग आजच्या समावेशक शिक्षणात बसत नाही, हे खरं. पण मनोरुग्णालयाऐवजी शाळेचं आवार, हे त्या मुलांच्या दृष्टीनं लहान पाऊल नव्हतं.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, ५४ व्या वर्षी ते वारले. त्यानंतर चाचणीचं जे झालं, ते बघायला ते नव्हते. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानं भागायला सांगितलं. अमेरिकेत गोडार्ड आणि टर्मन यांनी ती उपजत, आनुवंशिक बुद्धीची मोजपट्टी करून टाकली. व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक या तरुणीला अशाच मोजणीच्या आधारे मंदबुद्धी ठरवण्यात आलं आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनं तिची सक्तीनं नसबंदी झाली. तिच्या तान्ह्या मुलीवरही कमी असल्याचा शिक्का मारला गेला होता. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे साध्या शाळेत गेली आणि गुणवंतांच्या यादीत आली. आठव्या वर्षीच ती आजारानं गेली.

आपल्याकडे बिने यांची चाचणी धारवाडमार्गे आली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी ती नव्यानं बांधली. बिने-कामत चाचणी हे नाव महाराष्ट्रातल्या अनेक पालकांनी रुग्णालयाच्या कागदावर वाचलं असेल. वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलाच्या बाबतीत या कागदाचं काम बरोबर उलटं असतं. बुद्ध्यांक ठीक आहे आणि तरीही वाचता येत नाही, म्हणजे अडचण बुद्धीत नाही, हे तो दाखवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्या मुलाला जादा वेळ किंवा लेखनिक मागता येतो आणि तो आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर राहतो.