डॉ. शंभुनाथ डे

माझे आजोळ देवासचे, आत्या धारला. दोन्ही घरची म्हातारी माणसे पटकीचे नाव आजही दबक्या आवाजात घेतात. ती माणसाला मारते कशी, हे दाखविले दूर कलकत्त्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी.

जन्म १९१५, हुगळी जिल्ह्यात. १९५३ साली त्यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोऱ्याने बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. आतडे पाण्याने टम्म फुगले! १९५९ मध्ये जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडले. म्हणजे पाणी ओढते ते विष. जंतू बारीक तंतूंनी लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो, आत घुसत नाही, हे पुढे इतरांनी उलगडले.

लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव सुचविले होते. आपल्या विज्ञान अकादमींनी मात्र १९८५ मध्ये ते वारले तोवर त्यांना सभासदही करून घेतले नाही.